खर्ची न पडणारा

खिडकीवर काळा कागद चिकटवला जात होता आणि धाकटा मनातल्या मनात खालचा मजला मोजत होता. वरचा त्याचा होताच. थोरला तुरुंगात गेला की हाही आलाच. त्यासाठी त्याला जेमतेम एक जबाब द्यावा लागला होता: बाबा जिन्यावरून पडून गेले नाहीत, दोन आठवड्यांपूर्वी दादाने याच स्वयंपाकघरात त्यांचं डोकं फोडलं आणि रक्त पुसून टाकलं.

“तू कधी बघितलंस?” थोरला म्हणाला. “दोन वर्षं या उंबऱ्याच्या आत पाय नाही तुझा.”

“नाहीच. पण वर आवाज येतो, दादा. पाय बंद केले, कान नाही.”

“कान वरच्या मजल्यावर, डोळा खालच्या,” वहिनी म्हणाली.

फौजदाराने हात वर केला. प्रयोगशाळेच्या बाई बाटलीतलं द्रावण हलवत होत्या.

“मॅडम, पुसलेलं रक्तही चमकतं ना?” धाकट्याने अदबीने विचारलं.

“चमकतं. रक्तातलं लोह उत्प्रेरकाचं काम करतं. चमक घडवून आणतं, स्वतः खर्ची पडत नाही.”

धाकट्याला हे फार पटलं. तो दाराच्या चौकटीला निवांत टेकला.

शेवटची फट बुजली. भरदुपारी खोलीत काळोख झाला. फवारा पडताच ओट्याखालची फरशी निळी लखलखली.

“बघा,” धाकटा म्हणाला.

वहिनीने थोरल्याचा दंड घट्ट धरला. तेवढ्यात निळाई भपकन विझलीसुद्धा.

“हे रक्त नाही,” अंधारातून बाईंचा आवाज आला. “रक्त असतं तर चमक टिकली असती. हे ब्लीच आहे. ते चमकवताना स्वतःच संपतं. आणि ताजं आहे, काल-परवा ओतलेलं. दिवा लावा कुणीतरी.”

दाराजवळ धाकटाच होता. त्याचा हात सरळ फ्रिजमागे गेला. उजेड पडला.

दाराशेजारी, जुन्या बटणाच्या जागी, सिमेंटचा चौकोन होता.

“भिंतीला ओल येते म्हणून मागच्या महिन्यात फ्रिजमागे हलवलं ते बटण,” वहिनी हळूच म्हणाली. “आम्हाला अजून चाचपडावं लागतं, भाऊजी.”

धाकट्याचा हात फ्रिजमागेच राहिला.

“वर कुलूप लावून या,” फौजदार त्याला म्हणाला. “किल्ली घरच्यांकडे द्या. परत यायला वेळ लागेल.”

तो कुलूप लावून आला. किल्ली त्याने वहिनीपुढे धरली. या दोघांशिवाय त्याला घरचं दुसरं कोणी नव्हतंच. तिने हात पुढे केला नाही. नुसतं ओट्याकडे बोट दाखवलं.