जोडल्या हातांचा झटका

सावेडीतल्या आमच्या एमआरआय सेंटरसमोर सकाळीच जामखेडकडच्या दोन जीपा येऊन थांबल्या. नारळ, गुलाल, महाराजांचा जयजयकार. मी इथली रेडिओलॉजिस्ट. सगळ्यांना हाकलणारच होते, पण गर्दीच्या मधोमध स्ट्रेचरवर राजनंदिनी दिसली आणि थांबले.

ही कॉलेजातली पोर गेल्या महिन्यात स्वतःच्या पायांनी चालत आली होती. मणक्यात गाठ निघाली. लगेच ऑपरेशन करा, पाय वाचतील, असं मी तिच्या वडिलांना, गोरक्षला, बजावलं होतं. पण गहिनीनाथ महाराजांनी आधीच सांगून ठेवलं होतं की यंत्रात हात जोडून माझं नाव घे. झटका बसला की आत जे असेल ते विरघळलं समज. तपासणीत झटका बसला होताच. ऑपरेशन राहिलं. आता पाय हलत नव्हते.

“पयला झटका जिरला,” महाराज लोकांना समजावत होते. “दुसरा घ्यावा लागंल. आमची शक्ती लोखंडातनंबी जाती.”

“मग तुम्हीच झोपा आत,” मी म्हटलं.

“यंत्र जळंल, बाई. तुमचंच नुसकान.”

माझ्या यंत्राची एवढी काळजी ते विकणाऱ्या कंपनीनेही कधी केली नव्हती. मी गोरक्षला कडं, किल्ल्या काढायला लावून आत झोपवलं.

“हात जोडा. महाराजांचं नाव घेऊ नका. मनात त्यांना शिव्या घाला.”

यंत्र खडखडलं आणि गोरक्ष दचकला.

“बसला?”

“व्हय.”

“आता हात बाजूला ठेवून त्यांचा जप करा.”

तेच खडखडणं पुन्हा झालं.

“आता?”

“काहीच न्हाई,” तो पुटपुटला.

बाहेर येऊन मी सगळ्यांना संगणकावर दोन माणसांची चित्रं दाखवली, एकाचे हात सुटे, दुसऱ्याचे जोडलेले. हाडं, चरबी, स्नायू यांतून वीज किती वाहते ते भरून गणिताने उभी केलेली. यंत्रातलं चुंबकत्व झपाट्याने बदलतं तेव्हा अंगात बारीक वीज उमटते. कुठे किती, ते रंगावरून कळतं. सुट्या हातांचे तळवे निळे होते, जोडलेले लालभडक. हात जोडले की विजेला फिरायला पुरं कडं मिळतं, नस चाळवते, झटका बसतो. मागे महाराजांचा मणका आमच्याकडेच तपासला होता. हात जोडू नका, झिणझिण्या येतील, ही सूचना त्यांनी तेव्हा ऐकली आणि तिचंच दुकान मांडलं.

मागे वळून बघते तो महाराज जीपमध्ये बसून निघाले होते. त्यांना कुणी अडवलं नाही.

राजनंदिनीचा नवा स्कॅन केला. गाठ वाढून मज्जारज्जू पार चेपला होता. गाठ अजून काढता आली असती. पाय परत येतील असं मी म्हणाले नाही. खोटा धीर द्यायचं काम महाराजांचं.

गोरक्षने लेकीसमोर हात जोडले. ती त्या हातांकडे बघून म्हणाली,

“दादा, तवा बाईंनी हात बाजूला ठेवायला सांगितलं हुतं. मी ठेवले हुते. दार लावताना तुमीच म्हणला, जोड.”

चमत्कार तपासणं इतकं सोपं असतं. महाराज करायला सांगतात ते त्यांच्या नावाशिवाय करून बघा, आणि मग त्यांचं नाव घेऊन ते न करता बघा. गोरक्षने दोन्ही करून बघितलं. एक महिना उशिरा.