हजेरीतली चौऱ्याऐंशी नावं

या, शेगडीजवळ सरकून बसा. चहा ओतलाय. प्रवचन गाऊन सांगणारे पाद्री आमच्या खोऱ्यात आता उरले नाहीत, तेव्हा साध्या बोलण्यावरच भागवून घ्या. गोष्ट इदवल सुताराची आहे.

“आणि तुमचे सदस्य किती?” कात्रिननं विचारलं.

“चौऱ्याऐंशी,” इदवल म्हणाला.

चॅपेलमागच्या खोलीत दोघं समोरासमोर बसले होते. मध्ये बेदाण्याचा पाव आणि कॉलेजचा फॉर्म. कॉलेजनं बाहेरच्या संस्था जोडून घ्यायला कात्रिनला नेमलं होतं. योजना अशी, की सुतारकामाच्या मुलांनी चॅपेलचा वरचा सज्जा दुरुस्त करायचा आणि त्यातच शिकायचं. पैसा कार्डिफच्या एका न्यासाचा. अट एकच, गावातली संस्था भागीदार हवी.

“चौऱ्याऐंशी! एवढ्याशा गावात भरपूरच की.”

“सगळी चांगली माणसं आहेत,” इदवल मनापासून म्हणाला आणि तिच्या ताटलीत आणखी एक काप सरकवला.

सव्वीस वर्षं त्यानं त्याच कॉलेजात पोरांच्या हाती रंधा दिला होता. आता तो चॅपेलचा चिटणीस होता. सज्जा किडला होता आणि येत्या ईस्टरपर्यंत काम सुरू झालं नाही तर कुलूप लावू, असं वरून पत्र आलं होतं. त्याच सज्जात, आईच्या कुशीत बसून त्यानं पहिलं प्रवचन ऐकलं होतं. पाद्री बोलता बोलता कधी सुरात शिरायचा ते कळायचं नाही. शब्द वर चढत जायचे, खालचे बाप्ये डोळे पुसायचे, आणि सज्जाचं लाकूडसुद्धा घुमायचं. ते लाकूड वाचवायचं, एवढीच त्याची धडपड.

आता त्या चौऱ्याऐंशींचं. या चॅपेलच्या वहीतून मेलेल्याचं नाव खोडत नाहीत. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी चिटणीस सगळी नावं वाचतो. जिवंत माणूस आपल्या नावाला “आहे” म्हणतो, गेलेल्यासाठी त्याच्या घरचं कुणी उठून म्हणतं. जिवंत नऊ होते. इदवल खोटं बोलला नव्हता. कात्रिनला फक्त जिवंतच हवे असतील, हे त्याच्या मनातही आलं नाही.

अनुदान मंजूर झालं. दारावर पाटी लागली: लाभार्थी चौऱ्याऐंशी.

“माझा नवरा असता तर खूश झाला असता,” मॉर्विद म्हणाली. ती त्या नऊ जिवंतांतली सगळ्यांत थोरली, आणि जिभेनं सगळ्यांत तिखट. “जन्मभर कुणी त्याला हिशेबात धरलं नाही.”

“धरलाय की. एकोणचाळिसावा,” इदवल म्हणाला.

जानेवारीत हजेरी झाली. “एलिस प्यू,” इदवलनं वाचलं, तेव्हा मागच्या बाकावरून भारी कोट घातलेला एक माणूस उठला आणि म्हणाला, “आहे.” तो एलिसचा नातू, गेथिन. इदवलचा जुना विद्यार्थी आणि आता कॉलेजचा प्राचार्य. सात वर्षांचा होता तेव्हापासून एकाही जानेवारीची हजेरी त्यानं चुकवली नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी न्यासाची दोन माणसं न सांगता आली. त्यांनी डोकी मोजली. नऊ.

मग कॉलेजात बैठक बसली.

“तुम्ही मेलेली माणसं लाभार्थी म्हणून दाखवलीत?” न्यासाच्या बाईंनी विचारलं.

“आम्ही कुणाला गाळत नाही, बाई. तशी रीतच आहे. गेथिनला ठाऊक आहे, त्याला विचारा.”

सगळ्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं. गेथिननं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

“भागीदार संस्था जो आकडा देते, त्यावर कॉलेजला विसंबावं लागतं,” तो म्हणाला. “त्यांच्या आतल्या चालीरीतींची आम्हाला कल्पना नव्हती.”

फळीत गाठ कुठे आहे, हे इदवलला रंध्याच्या पहिल्या हातात कळायचं. या पोरात ती सापडायला चाळीस वर्षं लागली.

बाहेर बोळात गेथिन मागोमाग आला. “सर, समजून घ्या. तिथं कबूल केलं असतं तर अनुदान गेलं असतं, आणि बत्तीस मुलांचं वर्षही.”

“मग हेच आत सांगायचंस,” इदवल म्हणाला आणि टोपी घालून बसथांब्याकडे गेला.

प्रकल्प थांबला नाही. भागीदार बदलला. समुद्राकाठच्या शहरातलं एक संग्रहालय आलं, आणि त्यांना जुने बाक हवे होते. ईस्टरला चॅपेलला कुलूप लागलं. मे महिन्यात ते उघडलं, बाक न्यायला. तीच मुलं, तेच अनुदान. पाटीवर आता लिहिलं होतं: वारसा जतन.

इदवल न बोलावता गेला, आपली लाकडी मोगरी घेऊन.

“स्वतःच्या घराची कौलं उतरवून देतोयस का रे?” मॉर्विदनं फाटकातून विचारलं.

“मी नसलो तर ही पोरं बाक फोडतील.” आणि तो मुलांकडे वळला. “हां, खिळा शोधू नका, यात खिळा नाहीच. खुंटी बघा. आधी हळू ठोका, आवाज ऐका. सांधा सांगतो कुठून सुटायचं ते.”

एकही बाक फुटला नाही. भिंतींवर तेवढे पांढरे पट्टे राहिले.

पुढच्या जानेवारीत हजेरी मॉर्विदच्या स्वयंपाकघरात झाली. “एलिस प्यू,” इदवलनं वाचलं. कुणी उठलं नाही. बाकावरून उठायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढा तो थांबला. दाराकडे एकदा पाहिलं. मग स्वतःच हळूच “आहे” म्हणाला आणि पुढचं नाव वाचलं.

गेल्या शरदात इदवल गेला. लग्न केलं नव्हतं, घरचं मागे कुणी नाही. वही आता मॉर्विदकडे असते. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी ती नावं वाचेल. इदवल बेब हे नाव येईल तेव्हा तुम्ही जिथं असाल तिथं, शेगडी पेटवत असा की बस पकडत असा, त्याची आठवण काढा, आणि तेवढं एकदा “आहे” म्हणा.