जुलैतला चुना

राइनहोल्ड प्रिलने खोपटाच्या कडेची साखळी ओढली आणि ती सगळीच्या सगळी हातात आली. कुलूप शाबूत होतं, कड्या शाबूत होत्या. मधे शिडी तेवढी नव्हती.

त्याने खोपटाच्या मागे पाहिलं. मग झारी उचलून तिच्याखालीही पाहिलं. मग स्वतःचाच राग येऊन त्याने झारी परत जागेवर ठेवली.

पूर्व बर्लिनच्या त्या बागवस्तीत प्रत्येकाला जमिनीचा एकेक तुकडा होता, तुकड्यावर खोपट, खोपटापुढे दोन-तीन फळझाडं आणि सगळ्यांच्या पाठीशी भिंत. पहिल्यांदा ती नुसती काटेरी तार होती, ऑगस्टातल्या एका रविवारी लोक उठले तर आलेली. मग विटा आल्या, मग सिमेंट. पलीकडच्या शत्रूंनी आत येऊ नये म्हणून ती बांधली, असं वर्तमानपत्रात रोज येई. कुलपात मात्र अलीकडच्यांच्या शिड्या होत्या. याबद्दल वस्तीत कोणी काही विचारल्याचं ऐकिवात नव्हतं.

या कुलपाला दोन किल्ल्या. एक प्रिलकडे. दुसरी वस्तीचा पोलीस ग्राबो याच्याकडे.

प्रिल झाडाखालच्या खुर्चीवर बसला. शिडी त्याने स्वतः नेलेली नव्हती, एवढं त्याला नक्की ठाऊक होतं. म्हणजे हिशेब फारसा अवघड नव्हता.

ग्राबो पळणार असेल आणि आपण गप्प राहिलो, तर तुरुंग. माहीत असून न सांगणं हा गुन्हाच होता. सांगितलं, तर ग्राबो तुरुंगात, त्याची बायको तुरुंगात आणि त्यांची मुलगी सरकारी अनाथाश्रमात. आणि ही नुसती परीक्षा असेल, प्रिल बोलतो की नाही हे पाहायला वरच्यांनीच शिडी उचलून नेली असेल, तर गप्प राहण्याची शिक्षा त्याच्या लेकीला, झिग्रुनलाही. तिला शरद ऋतूत वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळायची होती.

दर शनिवारी ग्राबो येई, फाटक ढकलून थेट खोपटाच्या कडेला जाई, साखळी ओढून पाही. आज तो आला आणि फाटकाबाहेरच थांबला.

"काय प्रिलसाहेब, शिडी?"

"जागेवर," प्रिल म्हणाला. शब्द तोंडातून निघाल्यावर त्याला कळलं की आपण ठरवून टाकलं.

"साखळीत?"

"साखळीत."

"बरं." ग्राबोने टोपी काढून कपाळ पुसलं. तिशीतला माणूस, पण आज चेहरा शिळ्या पावासारखा दिसत होता. "यंदा चेरी चांगल्या धरल्यात."

"घेऊन जा की. पोरीला."

खालच्या फांद्यांवरच्या चेरी प्रिलने हाताने तोडल्या. वरच्या फांद्यांबद्दल दोघंही काही बोलले नाहीत. कागदी पिशवी घेताना ग्राबो तिच्याकडे असा पाहत राहिला, जणू ती किती दिवस पुरेल याचा अंदाज घेत होता.

ती रात्र प्रिल दांपत्य खोपटातच झोपलं, म्हणजे एडेल झोपली. प्रिल भिंतीच्या दिशेने कान लावून पडून राहिला. कुत्री भुंकली, थांबली. गोळी काही वाजली नाही. पहाटे कधीतरी त्याचा डोळा लागला.

सकाळी शिडी जागेवर होती. साखळीत.

सुटकेचा श्वास त्याने अर्धाच घेतला, कारण तेवढ्यात त्याला शिडीची टोकं दिसली. वरची दोन्ही टोकं पांढरी झाली होती. भिंतीला आतून चुना मारलेला होता. पांढऱ्यावर माणूस चांगला उठून दिसतो, आणि दिसलेला माणूस चांगला टिपता येतो, एवढीच त्यामागची रंगसंगती. ग्राबो भिंतीपर्यंत गेला होता. शिडी लावली होती. आणि परत आला होता.

प्रिलने फडकं घासलं. चुना जुन्या लाकडाच्या रेषांत मुरला होता. आणखी घासलं असतं तर काळ्याकुट्ट शिडीची दोनच टोकं गोरीपान झाली असती, ते आणखी वाईट. मग त्याने खोपटातून चुन्याची बादली काढली आणि शिडी चेरीला लावली.

झाडाच्या खोडाला चुना इथे सगळेच लावत. पण हिवाळ्याच्या तोंडाशी आणि कमरेइतकाच. प्रिल मात्र जुलैत, पिकलेल्या चेरींमधून वाट काढत, शिडीची टोकं टेकतात तिथपर्यंत खोड रंगवत गेला.

कुंपणापलीकडून क्निस्पेलबाईंनी डोकं वर काढलं. वस्तीत काहीही घडलं की ते आधी त्यांना कळे आणि ज्याच्याबाबतीत घडलं त्याला नंतर.

"अहो प्रिल, बर्फ पडायला लागला की काय?"

"उन्हानं साल तडकतेय."

"साल तडकतेय की डोकं? एडेल, अगं, नवऱ्याला सावलीत बसव! उद्या कोबी रंगवायला घेईल!"

पलीकडच्या दोन खोपटांतून लोक हसले. एडेल दारात आली, तिने झाड पाहिलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता कॉफी ठेवायला आत गेली.

मंगळवारी ग्राबो आला तो एका कॅप्टनला घेऊन. भिंतीच्या चुन्यावर दोन ओरखडे सापडले होते. वस्तीतल्या सगळ्या शिड्या पाहायच्या होत्या.

कॅप्टनने शिडीच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि तो प्रिलच्या नाकासमोर धरला.

"हे काय?"

"चुना."

"कुठला?"

प्रिलने झाडाकडे बोट दाखवलं. मग हात लगेच खिशात घातला.

"जुलैत?"

"साल तडकत होती, कॉम्रेड कॅप्टन."

ग्राबो शिडीकडे पाहत नव्हता. तो झाडाकडे पाहत होता. त्याची नजर बुंध्यापासून हळूहळू वर चढली आणि जिथे पांढरं संपत होतं तिथे थांबली.

कॅप्टन कुंपणाकडे वळला. तिथे डोकं होतंच.

"बाई, हे झाड यांनी कधी रंगवलं?"

प्रिलला उत्तर आधीच ऐकू आलं. रविवारी, त्या म्हणणार. ओरखडे पडल्यानंतर. रविवारी सकाळी, सगळ्यांसमोर.

"कधी म्हणजे?" क्निस्पेलबाई म्हणाल्या. "आठवडाभर आम्ही सगळे हसतोय! विचारा कोणालाही. हा माणूस ट्राम चालवायचा तेव्हासुद्धा असाच. थांब्यावर लोक उभे, आणि ह्याची गाडी आपली पुढे!"

कॅप्टन हसला नाही, पण त्याने अंगठा रुमालाला पुसला. झाडाला, खोपटाला, प्रिलला एकदा पाहून घेतलं आणि तो पुढच्या बागेकडे निघाला.

क्निस्पेलबाई अजून कुंपणाशीच होत्या. प्रिलने त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघताय? ते फाटक लावा," आणि डोकं खाली गेलं.

ग्राबो मागे राहिला होता, शिडी पुन्हा साखळीत घालायला. किल्ली कुलपात जाईना. प्रिलने कुलूप धरून ठेवलं, तेव्हा गेली.

"पोरगी कशी आहे?" प्रिलने विचारलं.

"बरी आहे." ग्राबोने साखळी ओढून पाहिली, मग पुन्हा ओढली. "वर पोचल्यावर घाबरते ती. उंचावर. रडायला लागते."

बाहेरून कॅप्टनने हाक मारली. ग्राबोने कुलपातून किल्ली काढली, खिशाकडे नेली, आणि मग ती प्रिलच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटवली.

"तुमच्याकडेच असू द्या हीसुद्धा."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी मी विचारीन. तुम्ही सांगा."

तो गेल्यावर एडेल कपबशा पुसायचं फडकं घेऊन बाहेर आली. "काय दिलं त्यानं?"

"काही नाही."

प्रिल झाडाखाली बसला. दोन्ही किल्ल्या एकाच खिशात एकमेकींवर आपटत होत्या. समोर खोपटाच्या कडेला साखळीतली शिडी दिसत होती आणि खोपटावरून भिंतीची पांढरी कड. इतक्या वर्षांत त्याने एकदाही मापून पाहिलं नव्हतं, पण आत्ता, नुसतं बसल्या बसल्या, शिडी पुरेल हे त्याला कळलं.

त्याने उठून खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे पाठ करून बसला.