नरहररावांच्या पोटाचा राखणदार

ओरडू नका, साप नाही. दारामागच्या खुंटीवर पिशवीच्या आडून जे लोंबतंय ना, तो मी. नरहररावांच्या कमरेचा पट्टा. या, बसा. सध्या मला भरपूर वेळ आहे.

माझं कूळ मोठं. माझी आजी म्हणजे भोपाळच्या बड्या तालाबातली म्हैस. ती पाण्यात उतरली की पलीकडच्या काठावरच्या धोब्यांचे कपडे वाहून जायचे आणि बाहेर आली की तलाव वीतभर खाली जायचा. नवाबाच्या हत्तीनंही एकदा बाजूला होऊन तिला वाट दिली होती. पुरावा मागू नका. हत्ती आता हयात नाही.

मला टी. टी. नगरच्या बाजारातून आणलं ते कमलिनीबाईंनी. नरहरराव तेव्हा नुकतेच नाशिकहून इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून रुजू झाले होते आणि इतके काटकुळे होते की मला शेवटच्या भोकात अडकवलं तरी माझं शेपूट पाठीमागून फिरून पुन्हा पुढे डोकावायचं. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. कमलिनीबाई हसायच्या, म्हणायच्या, "तुम्ही पट्टा घातलाय की पट्ट्यानं तुम्हाला?"

मग कारखान्याचं कॅन्टीन आलं, शेजारच्या मिश्रांकडच्या कचोऱ्या आल्या, आणि क्वार्टरच्या ओट्यावर संध्याकाळी बसून खायचं जे जे असतं ते सगळं आलं. मी एकेक भोक मागे हटत गेलो. भोकं संपली तेव्हा पिपलानीच्या मोच्यानं एक नवं पाडलं आणि मला परत देताना तो म्हणाला, "साहब, चमडा अब खतम. आगे आपकी मर्जी."

एरवी या पोटाचं कुणाचंच काही अडलं नव्हतं. अडलं ते नाटकात.

टाउनशिपचं मराठी मंडळ दर गणपतीत नाटक करायचं, आणि नाटकात राजा असला की तो नरहररावच. आवाज असा की शेवटच्या रांगेतली झोपलेली पोरं उठून बसायची. पण त्यांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. दिवाळीनंतर क्वार्टर सोडायचं, मंडळही सुटायचं. म्हणजे हा राजा शेवटचा. आणि नेमका त्याच वर्षी मंडळाचा तो जुना जरीचा अंगरखा पुढून मिटेना.

नाटक बसवत होता हेमंत. पोरगा गुणी, पण तोंडाचा फटकळ. "काका, तुमच्या आवाजाला तोड नाही," तो म्हणाला. "पण बंद बांधायला तिघं लागतात हो. प्रधान करता का? प्रधानाला मोठं उपरणं असतं. सगळं झाकतं."

नरहरराव घरी आले ते पाय आपटत. "प्रधान! इतकी वर्षं सिंहासनावर बसलो, आता बाजूला उभा राहू?"

"मग पोट उतरवा," कमलिनीबाई म्हणाल्या. "केरवाच्या वाटेवर ते निसर्गोपचार केंद्र आहे ना, तिथे उपवास करवतात. मीही येते, माझ्या गुडघ्यांना बरं."

नरहररावांनी लगेच फोन लावला. तिकडून शुक्ला वैद्यांनी सगळं हिंदीतून समजावलं. फोन ठेवला तेव्हा नरहररावांचा चेहरा लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखा खुलला होता. "कमल, ऐकलंस? सगळे दिवस नुसता रस! आणि महिना कुठला? मे!"

"बरोबर पुऱ्या देणार आहेत का?"

"छे गं, उपवासाला पुऱ्या कशा चालतील? नुसता रस. वर तुपाची धार मागून घेऊ."

कमलिनीबाईंनी आयुष्यभर इथल्या शाळेत हिंदी शिकवलं होतं. त्या पदराआड हसल्या आणि मुकाट्यानं बॅग भरायला लागल्या.

केंद्रात गेल्या गेल्या पांढरे लेंगे-झब्बे मिळाले आणि मी खुंटीवर गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पेला आला. हिरवा.

"ये क्या है?"

"रस है, बाबूजी. लौकी का."

"आम का कब आएगा?"

"आम?" शुक्लाजींनी कानाला हात लावला. "आम तो खाना हुआ, बाबूजी!"

नरहरराव वळले. "कमल, हे लोक दुधीच्या पाण्याला रस म्हणतात!"

"आणि तुम्ही आंब्याला उपवास म्हणता," त्या म्हणाल्या, आणि पेला गटागटा पिऊन मोकळ्या झाल्या.

पुढचे दिवस काय सांगू! सकाळी दुधी, दुपारी काकडी, संध्याकाळी पुन्हा दुधी, पण लिंबू पिळून. पोटावर ओल्या मातीचा थर देत, तर तो थापता थापता वाळून भाजून निघे. त्याच्या विटा पाडून मागची भिंत बांधली म्हणतात. नरहररावांचं पोट गुरगुरलं की टेकडीवरचे मोर उत्तर देत. एकदा वनखात्याची जीप येऊन चौकशी करून गेली.

शेवटी एका दुपारी त्यांचा धीर सुटला. फाटकापासून थोड्या अंतरावर पोहे-जलेबीची टपरी होती आणि वारा तिकडून येत होता. कमलिनीबाई वाफ घ्यायला गेलेल्या. नरहररावांनी लेंगा उतरवला, पँट चढवली, मला ओढून काढलं. मी ओळखलं. आता हे जलेबी खाणार, मग कचोरी, मग घरी, मग प्रधान. राजा संपला.

त्यांनी घाईघाईनं मला आवळलं. नेहमीच्या भोकाशी पँट घसरली. पुढच्या भोकाशीही घसरली. त्याच्या पुढच्यात मात्र बक्कलाची जीभ टपकन बसली.

नरहरराव तसेच उभे. मान खाली, हात बक्कलावर.

"कुठे निघालात?" दारात कमलिनीबाई, डोक्याला पंचा गुंडाळलेला.

"कुठे काय? हे बघ आधी. कुठलं भोक!"

त्या जवळ आल्या, चष्मा नव्हता म्हणून वाकल्या. बोटानं चाचपलं. "अहो, हे तर आपल्या विजयच्या मुंजीतलं!"

"तेच ना!"

"मग जलेबी?"

"कसली जलेबी?" नरहरराव म्हणाले. "त्या शुक्लाला सांग, दुधी जरा घट्ट वाट."

आता तुम्हाला म्हणून सांगतो, त्यातली अर्ध्या बोटाची करामत माझी होती. खुंटीवर लोंबताना रात्रंदिवस मी स्वतःला खाली ताणत होतो. म्हशीचं कातडं काय, मनावर घेतलं तर पार मंडीदीप गावापर्यंत पोचेल. पण बाकीची सगळी त्यांची. घरी आल्यावरही त्यांनी ओट्यावरची बशी परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा मिश्रा वहिनी तब्येतीची चौकशी करायला आल्या होत्या.

गणपती आले. हेमंतनं अंगरख्याचे बंद बांधले, एकट्यानं. "काका, बसला की!" पण बसला म्हणजे कसा? आत राजा मावला, राजाचा श्वास मावेना. तेव्हा कमलिनीबाईंनी मला वरून आवळलं आणि माझ्यात तलवार अडकवली. इतकी वर्षं पोटाखाली काढली, त्या दिवशी पहिल्यांदा मी जरीवर बसलो.

शेवटच्या अंकात नरहररावांनी छाती भरून दरबाराला सुनावलं, "आम्ही अजून सिंहासनावर आहोत!" बंद पटापट तुटले. सगळा राजा माझ्यावर आला. मी कुरकुरलो, पण हललो नाही. टाळ्या थांबेनात, पडदा पडेना, आणि हे श्वास धरून उभे.

पडला एकदाचा. विंगेतून कमलिनीबाई धावल्या. "अहो, सोडा आता श्वास."

त्यांनी सोडला. माझं बक्कल बंदुकीच्या गोळीसारखं उडालं, प्रधानाची पगडी घेऊन खिडकीतून बाहेर गेलं, ते आजतागायत सापडलेलं नाही. पण लक्षात ठेवा, मी तुटलो तो पडदा पडल्यावर.

आता आम्ही आनंद नगरच्या फ्लॅटमध्ये राहतो. नरहरराव घरी लेंगा घालतात. बाहेर जाताना घालायला मुलानं रबराचा पट्टा पाठवलाय. त्याला भोकंच नाहीत. बिचारा कुठेही थांबतो. या घरात कोण कधी कुठल्या भोकात होतं, हे विचारायचं असलं तर अजून माझ्याकडेच यावं लागतं.

परवा कमलिनीबाई म्हणाल्या, याला नवं बक्कल बसवून आणू या. हात जोडले असते, मला हात असते तर. त्यांना कुणीतरी समजवा. राजा निवृत्त झाला, आणि मी त्याच्याच सेवेतला. मला आता लोंबू द्या.