शिळं पाणी

तिसगावात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, आणि ज्या सकाळी ते येतं त्या सकाळी सगळी गल्ली आधी घरातलं पाणी ओतून देते. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटायचं नाही. पाथर्डी तालुका, उन्हाळ्यात टँकरमागं हंडे घेऊन पळणारी माणसं, आणि नळाची धार सुरू झाली की हीच माणसं कालचं पाणी बदाबदा गटारीत उपडं करणार! पण पाणी शिळं झालं म्हणजे झालं. शिळी भाकरी दुधात कुस्करून आवडीनं खातील, शिळं पाणी मात्र पाहुण्याच्या पायावरसुद्धा घालणार नाहीत.

या बाबतीत लंकाबाईचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. तिचे हंडे राखेनं असे घासलेले असत की त्यात बघून भांग पाडावा. समोरची राजेश्वरी तिची थट्टा करायची, "काकू, घासून घासून एक दिवस हंड्याला भोक पाडशीला बरं का!" लंकाबाई त्यावर खूश व्हायची. तिला ती थट्टा वाटायचीच नाही.

तिच्या या कारभारात एकच पाचर होती, आणि ती तिच्या लेकीनंच मारलेली. स्नेहल नगरला कॉलेजात होती, होस्टेलवर राहायची. एका शनिवारी ती एसटीतून उतरली ती कडेवर काचेची पेटी आणि हातात पाण्यानं फुगलेली पिशवी घेऊन. पिशवीत तीन सोनेरी मासे. टीव्हीशेजारच्या टेबलावर पेटी बसली, तळाशी रंगीत गोट्या आल्या, बुडबुडे सोडणारं छोटं यंत्र गुरगुरायला लागलं. त्यातला एक मासा दाणा पडला की बाकीच्या दोघांना ढकलून पुढं यायचा. सहादेवनं, म्हणजे स्नेहलच्या बापानं, त्याला बघून म्हटलं, "हा तर मुकादम हाय!" ऊसतोडीच्या टोळ्या जिथून निघतात त्या मुलखात मुकादम कसा असतो हे कुणाला सांगावं लागत नाही. नाव चिकटलं ते चिकटलंच.

माशांचं पाणी स्नेहलच बघायची. शनिवारी आली की थोडं काढायची, थोडं घालायची. घालायचं पाणी आदल्या दिवशीचं लागायचं, म्हणून एक बादली कोपऱ्यात भरून ठेवायला तिनं आईला सांगून ठेवलं होतं. लंकाबाई ती बादली दिसली की ओतून द्यायची. मग मायलेकींची जुंपायची.

"आई, नळाच्या पाण्यात पावडर असती. कल्ले भाजत्यात त्यांचे. एक दिवस बादलीत राहिलं की पावडर उडून जाती."

"आन शिळं पानी पाजू व्हय त्यान्ला? मुक्या जिवाला?"

स्नेहल कपाळाला हात लावायची आणि हसायची. ते हसणं लंकाबाईला आता पुरतं आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणून ती स्वतःवरच चिडते.

स्नेहल गेली ती दसऱ्याच्या तोंडावर. सुट्टीला म्हणून घरी आली होती, ताप भरला. तिसऱ्या दिवशी अंगावर लाल पुरळ, मग नगरचा दवाखाना, सलाईनच्या बाटल्या, रक्ताच्या पिशव्या, आणि मग काहीच नाही. डेंग्यू. एवढासा डास, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढणारा. त्या दिवसांत घरच्या कपाशीची वेचणी चालली होती. लंकाबाई अंधार असताना शेतात जायची आणि दिवेलागणीला यायची. न्हाणीमागचा निळा ड्रम तेवढा घासायचा राहून गेला होता. उद्या घासू, म्हणत राहून गेला होता.

दहाव्यानंतर आरोग्य खात्याची माणसं बॅटरी घेऊन डासांच्या अळ्या शोधत घरोघर आली. लंकाबाई आत भिंतीकडं तोंड करून पडली होती. बाहेर न्हाणीमागं कुजबुज झाली, कुणीतरी ड्रमचं झाकण टाकल्याचा आवाज झाला. सहादेव आत आला तेव्हा तिनं न वळता विचारलं, "काय सापडलं?"

"न्हाई," तो म्हणाला. "आपल्या पान्यात काय न्हाई सापडलं."

दुसऱ्या दिवशी ड्रम जागेवर नव्हता. कुणाला तरी देऊन टाकला, असं तो म्हणाला. पुढं पंधरवड्यानं ती शेतात गेली तर बांधाकडेला निळ्या प्लास्टिकच्या चिरफळ्या पडलेल्या, कुऱ्हाडीनं फोडलेल्या. तिनं त्या बघितल्या आणि घरी आली. नवऱ्याला एक शब्द विचारला नाही. त्यानंही काही सांगितलं नाही. त्या घरात एवढंच एक बोलणं शिल्लक होतं आणि ते दोघांनी दोन बाजूंनी धरून ठेवलं होतं.

तेव्हापासून लंकाबाईला साचलेलं पाणी बघवेना. तांब्यात रात्रीचं पाणी राहिलं तरी ती सकाळी ते अंगणात भिरकावून द्यायची. आणि माशांची पेटी? तिच्यात तर पाण्याशिवाय दुसरं होतं काय! नळ आला की ती मासे पातेल्यात काढायची, पेटी उपडी करायची, काच राखेनं घासायची, गोट्या एकेक चोळून धुवायची, आणि नळाची ताजी, फेसाळ धार काठोकाठ भरायची. गावात ताप झाल्यापासून ग्रामपंचायतीनं पाण्यात ब्लीचिंग पावडर वाढवली होती, वास नाकात जायचा. तो वासही तिला आवडायचा. पाणी स्वच्छ असल्याची खूण वाटायची. लेकीच्या वेळेला राहिलं ते निदान लेकीच्या माशांच्या बाबतीत राहू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

पहिला मासा दिवाळीनंतर मेला. दुसऱ्याच्या शेपटीत रक्ताच्या रेघा उतरल्या, तो चार दिवस तळाशी बसून राहिला आणि एका सकाळी आडवा झाला. लंकाबाईनं दोघांनाही तुळशीच्या बुडात पुरलं आणि पेटी आणखी जोरानं घासली. मग मुकादम पाण्याच्या वरच्या अंगाला येऊन तोंड उघडझाप करायला लागला. दाणा टाकला तरी हलेना. तिचं काळीज फाटलं. स्नेहलचे कपडे होते, वह्या होत्या, चपला होत्या. पण स्नेहलनं हौसेनं आणलेलं आणि अजून श्वास घेणारं असं हे एकच उरलं होतं. हा गेला की मग नुसत्या वस्तू.

तिनं कुणालाही न सांगता नगरची एसटी धरली. पेटीवर दुकानाचा कागद चिकटवलेला होता, त्यावरचा पत्ता विचारत विचारत ती पोचली. दुकानातल्या पोराचं नाव करण. लंकाबाईनं स्नेहलच्या मोबाईलवर काढून आणलेला मुकादमाचा व्हिडिओ त्यानं बघितला.

"मावशी, पाणी कधी बदलता?"

"नळ आला की. समदं," ती अभिमानानं म्हणाली. "राखंनं घासून."

"गोट्या पण?"

"त्या बी."

करणनं मोबाईल परत दिला. तो चांगला पोरगा होता, पण घाईत होता, आणि घाईतली माणसं बोलतात तसं बोलला. "तुम्हीच मारताय त्यांना. माशापेक्षा पाणी जपावं लागतं, मावशी. थोडंच काढायचं, थोडंच घालायचं. नळाच्या पाण्यात पावडर असते, कल्ले भाजतात. एक दिवस बादलीत राहू द्या, पावडर उडून जाते."

लंकाबाईनं काउंटरची कड धरली. शब्दन् शब्द तोच होता. तिनं तो ऐकला होता, स्वतःच्या कोपऱ्यात, स्वतःच्या लेकीच्या तोंडून, आणि बादली ओतून दिली होती. करणनं औषधाच्या थेंबांची बाटली पुढं केली, पाणी लगेच वापरायचं असलं तर बरी पडते म्हणाला. तिनं ती परत सरकवली. बाटलीतल्या औषधावरचा तिचा विश्वास दवाखान्यातच संपला होता.

घरी आल्यावर तिनं बादली भरली. भरली खरी, पण ठेवायची कुठं? सहादेवच्या डोळ्यांसमोर साठवलेलं पाणी ठेवायचं? ज्यानं ड्रमवर कुऱ्हाड चालवली त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं की आता बादलीभर पाणी शिळं करायचंय? तिला ते जमलं नाही. तिनं बादली गोठ्यामागं, कडब्याच्या आडोशाला ठेवली आणि तिच्या तोंडाला स्नेहलची ओढणी घट्ट बांधली. दिवसभरात ती कितीदा तरी तिथं गेली. ओढणी सोडायची, वाकून बघायची, पाण्यात काही वळवळतंय का ते. काही नसायचं. पुन्हा बांधायची. एकदा तर ती बादली ओतायला निघाली होती, कडी धरून उभी राहिली आणि रडली. पण ओतली नाही.

आणि मुकादम सुधारला! राखेचं घासणं बंद झालं, थोडं पाणी काढून तेवढंच बादलीत मुरलेलं पेटीत जात राहिलं, आणि आठवड्याभरात तो खाली उतरला, कल्ले नीट हलवायला लागला. एका दुपारी तिनं दाणा धरला तर तिच्या बोटाला येऊन धडकला. "अरं हावऱ्या!" ती म्हणाली. स्वतःचाच आवाज ऐकून तिला धक्का बसला. सहादेव दारात उभा होता. बायकोचा असा आवाज त्यानं दसऱ्यापासून ऐकला नव्हता. तो चपला काढायचं विसरून तसाच आत आला आणि पेटीपाशी बसला.

त्या रात्री तिला झोप लागली. नुसती डोळे मिटून पडणं नाही, झोप. सकाळी नळ आला तरी जाग आली नाही.

जाग आली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. घर धुतल्यासारखं लख्ख. हंडे भरलेले, घासलेले. ती उठून बसली आणि तिचं पहिलं लक्ष पेटीकडं गेलं. काच चकचकत होती. तळाच्या गोट्या चकचकत होत्या. पाणी काठोकाठ होतं, त्यात बारीक फेस होता, आणि पावडरीचा वास पलंगापर्यंत येत होता. मुकादम वरच्या अंगाला एका कुशीवर कलला होता, सावरायचा, पुन्हा कलायचा.

लंकाबाई अनवाणी गोठ्यामागं पळाली. बादली कुंपणाच्या खांबावर उपडी घातलेली होती, उन्हात वाळत. ओढणी धुऊन दोरीवर टाकलेली.

ती घरात परतली. हंडा, कळशी, तांब्या, सगळं ताजं. देवापुढची लोटीसुद्धा. सगळ्या घरात ओंजळभर शिळं पाणी नव्हतं. तिनं तांब्या उचलला आणि समोर राजेश्वरीच्या दारात गेली.

"शिळं पानी हाय का गं? कालचं?"

राजेश्वरी नळाची नळी गुंडाळत होती. "काय म्हनता काकू?"

"कालचं पानी! हाय का?"

"अवं, आत्ताच वतलं की समदं. नळ आला हुता न्हवं का!" ती बिचारी घाबरली. "ताजं देऊ का?"

लंकाबाई पुढच्या दारात गेली, त्याच्या पुढच्या. शिळं पाणी मागत फिरणारी बाई गल्लीनं कधी बघितली नव्हती. बाया एकमेकींकडं बघत होत्या. पोरीच्या दुःखानं हिचं डोकं फिरलं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. सगळ्यांचं ओतून झालं होतं. गल्लीचं कालचं सगळं पाणी गटारीतून वाहत रस्त्याकडं चाललं होतं, आणि ती रिकामा तांब्या घेऊन त्याच्या कडेनं परत आली.

सहादेव पेटीपुढं उकिडवा बसला होता. मुकादम आडवा झाला होता. एक कल्ला अजून हलत होता, मग तोही थांबला.

"तुला झोप लागली हुती," सहादेव म्हणाला. "म्हनलं आज आपुन करावं समदं." मग खाली बघत म्हणाला, "गोठ्यामागं एक बादली राहिली हुती भरल्याली. तुझ्या ध्यानातनं गेली आसंल. वतून टाकली मी. तुला बोलनार बी नव्हतो."

लंकाबाईला सगळं कळलं. बादली बघून त्याला काय आठवलं असेल ते कळलं. पुन्हा बायकोच्या हातून राहिलं, आणि पुन्हा तिला ते कळू द्यायचं नाही, म्हणून तो भल्या सकाळी चोरासारखा गोठ्यामागं गेला असेल. ओढणीसुद्धा धुऊन टाकली होती त्यानं. तिला ओरडावंसं वाटलं. त्याच्या छातीवर बुक्क्या माराव्याशा वाटल्या. स्नेहलचं शेवटचं होतं ते, असं किंचाळावंसं वाटलं.

सहादेवनं मान वर केली. त्याचे हात अजून राखेनं माखलेले होते.

"मी लई घासून स्वच्छ पानी घातलं गं. माझं काय चुकलं का?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. आपल्या हातून काय गेलं हे माहीत असलेल्या माणसाला सकाळी उठून चूल कशी पेटवावी लागते, भाकरी कशी थापावी लागते, हे तिला माहीत होतं. ते तिला कुणालाच द्यायचं नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली. "आपल्या पान्यात काय न्हवतं."

बोलून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की हे वाक्य कुणाचं होतं. त्याच्याही ध्यानात आलं. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. त्यानं आधी पेटीकडं बघितलं, मग गोठ्याकडं, मग तिच्या हातातल्या रिकाम्या तांब्याकडं, आणि तो जमिनीवर बसला.

लंकाबाई त्याच्या शेजारी बसली. पेटीतलं यंत्र गुरगुरत होतं, स्वच्छ पाण्यात बुडबुडे वर येत होते. दोघांपैकी कुणीच उठून ते बंद केलं नाही.