माऊसची सातवी तक्रार

सौंसरच्या सेवा केंद्रातला करुणाचा माऊस तीन महिन्यांपासून पागल झाला होता. एकदा दाबला की दोनदा दाबल्यागत करायचा. तिनं तो दुसऱ्या भोकात खोचून पाहिला, क्लिकचा वेग कमी करून पाहिला, कॉम्प्युटर बंद-चालू केला. ढिम्म. घरचा माऊस आणून लावायला मनाई होती. तक्रार करायची ती पोर्टलवरच, आणि तिथलं बटण कीबोर्डनं दबत नव्हतं.

सातव्यांदा तक्रार भरून तिनं श्वास रोखला, अलगद 'पाठवा' दाबलं. गेल्या दोन. लगेच उत्तर आलं : एकाच विषयाचे दोन अर्ज, दोन्ही रद्द.

"मर तिकडं, मुडद्या!" तिनं माऊस आपटला.

समोर मोहगावच्या सुशीलामावशी बसल्या होत्या. राशनकार्डात नातीचं नाव चढवायला ही त्यांची चौथी खेप. "काऊन व पोरी, माहा अर्ज कुठी अडकून राहिला?"

"वरूनच मंजूर नाही होऊन राहिला, मावशी," करुणा सवयीनं म्हणाली, आणि थबकली. मावशींचा अर्जही तिनं ह्याच माऊसनं पाठवला होता. तिच्या पडद्यावर नुसतं 'पाठवला' दिसायचं. निकाल अर्जदाराच्या मोबाईलवर जायचा.

"मावशी, मोबाईल दाखवा."

तिन्ही खेपांचे मेसेज न उघडता पडले होते. प्रत्येकात तेच : दोन अर्ज, दोन्ही रद्द.

तीन महिने. रोजचे चाळीस अर्ज. बाहेर आजचीही रांग लागली होती.

"तुह्यावानी मन लावून फारम कोणी नाही भरत व," मावशी म्हणाल्या. "दाब ना आता. मी थांबतो."