सगळ्यांचं उत्तर पन्नास

औषधं तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत बाईंची सही चालायची. एक-दोन नाही, तेवीस वर्षं. कारखान्यातून गोळ्यांची बॅच आली, की बाई मशीनवर बसायच्या, गोळीत औषध किती भरतंय ते बघायच्या आणि रिपोर्टच्या तळाशी सही करायच्या. सही नसली की माल जागचा हलत नसे. कारखानदाराने कितीही फोन करू दे, साहेबांनी कितीही खाकरून दाखवू दे, आकडा कमी आला तर बाई कमीच लिहायच्या. म्हणून मागून सगळे त्यांना 'खडूस' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

घरीसुद्धा या सहीचा दबदबा होता. सासूबाईंना रोज सकाळी हृदयाची गोळी घ्यावी लागे. पहिले दोन महिने त्यांनी गोळ्या उशीखाली दडवल्या. त्यांचा डॉक्टरवर विश्वास नव्हता, आणि स्वतःच्या लेकावर तर त्याहून नाही. शेवटी बाईंनी पाकिटावरचा बॅच नंबर वाचून सांगितलं, "आई, हा कारखाना आमच्याकडेच तपासून घेतो. ही मी स्वतः बघितलीय." तेव्हापासून म्हातारी गोळी तळहातावर घेऊन रोज विचारायची, "तुझी सही आहे ना गं हिच्यावर?" बाई "आहे" म्हणायच्या, मगच गोळी घशाखाली उतरायची. बाईही अशा, की नवं पाकीट आणलं की आधी ऑफिसच्या रजिस्टरमध्ये नंबर ताडून यायच्या आणि मगच "आहे" म्हणायच्या. नवरा हसायचा. हसेना का.

मग नवा नियम आला. महिनाअखेरपासून रिपोर्टवर सही करणाऱ्याकडे सक्षमतेचं प्रमाणपत्र हवं, आणि ते मिळणार तीन दिवसांच्या प्रशिक्षणात. म्हणजे तेवीस वर्षं जे काम केलं ते आपल्याला येतं की नाही, हे आता मशीन विकणारी कंपनी सांगणार. साहेबांनी दोन नावं पाठवली. एक बाईंचं, दुसरं स्वतःच्या मेहुण्याचं. मेहुणेबुवांना प्रयोगशाळेत येऊन आठ महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात त्यांनी कॉफीचं मशीन मात्र उत्तम आत्मसात केलं होतं.

"दोघांपैकी एकाला मिळालं तरी आपलं भागेल," साहेब म्हणाले.

बाईंना काय ते बरोब्बर कळलं. आपलं हुकलं की सही मेहुण्याची. आणि मेहुणेबुवा पुढे येईल त्या कागदावर डोळे मिटून सही करतील, याबद्दल साहेबांना आणि कारखानदारांना तिळमात्र शंका नव्हती.

प्रशिक्षण होतं एका हॉटेलच्या सभागृहात. दारातच प्रत्येकाला पिशवी मिळाली. पिशवीत पेन, वही, मग आणि नवीन मशीनचं गुळगुळीत माहितीपत्रक. मागच्या टेबलावर एक खोकं होतं, त्यात प्रमाणपत्रं. पहिल्याच दिवशी, सकाळी साडेनऊला, प्रत्येकाच्या नावानिशी छापून तयार. बाईंनी वरचंच उचलून बघितलं. त्यावर 'प्रात्यक्षिक परीक्षेत उत्तीर्ण' असं लिहिलेलं होतं. परीक्षा तिसऱ्या दिवशी होती.

प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा आले आणि वेळेच्या अचूकतेपासून मोजमापाच्या अचूकतेपर्यंत तासभर बोलले. मग शिकवणारे उभे राहिले. रोज नवा टाय, म्हणून बाईंनी मनातल्या मनात त्यांचं नाव टायवाले ठेवलं. पहिला दिवस कंपनीच्या इतिहासात गेला, दुसरा नव्या मशीनच्या पडद्यावर रंग किती छान दिसतात त्यात. नळी तुंबली तर काय करायचं, असं बाईंनी विचारलं, तेव्हा टायवाले म्हणाले, "त्यासाठी आमचा वार्षिक सेवा करार आहे." सभागृहात कौतुकाचं हसू पसरलं.

आणि बरोबरची मंडळी. ही माणसं या परिषदेहून त्या प्रशिक्षणाला आणि तिथून पुढच्या परिषदेला हिंडत असतात, आणि मधल्या वेळात कधी प्रयोगशाळेत डोकावत असतील तर देव जाणे. जेवताना एक गृहस्थ पिशवी उलटीपालटी करून म्हणाले, "मागच्या वेळची चेन जास्त भक्कम होती." त्यावर टेबलभर गंभीर चर्चा झाली. मोजमापावर तीन दिवसांत तेवढी गंभीर चर्चा दुसरी झाली नाही.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. सभागृहात तीन मशीनं मांडली होती. काम अगदी बाळबोध. कंपनीच्या मदतनिसाने डब्यातली कॅफिनची पूड मोजून पाण्यात विरघळवली होती म्हणे, आणि प्रत्येक जोडीला त्या पाण्याची एक कुपी दिली होती. ती अज्ञात. दुसरी कुपी तयार द्रावणाची, तिच्यात लिटरमागे पन्नास मिलिग्रॅम कॅफिन आहे हे माहीत. दोन्ही कुप्या मशीनच्या खाचांत ठेवायच्या आणि सुईने त्यांतला थेंब आत टोचायचा. कॅफिन आलं की पडद्यावरची सपाट रेष उंच उठते. दोन्ही उंचवटे ताडून बघायचे आणि अज्ञात कुपीतला आकडा प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचा. आता हे 'अज्ञात' म्हणायचं ते आपलं म्हणायला, कारण दिलेल्या पुस्तिकेत तेविसाव्या पानावर उत्तर छापलेलं होतं. पन्नास.

बाईंच्या जोडीला मेहुणेबुवाच होते. बाईंनी सवयीप्रमाणे आधी नुसतं पाणी टोचलं. ही त्यांची रीत होती. मशीनमध्ये आधीची घाण नाही ना, हे बघितल्याशिवाय त्या पुढे जात नसत.

"ताई, पाणी कशाला? सांगितलेलं नाही," मेहुणेबुवा म्हणाले.

"असू दे."

रेष सपाट आली. मग तयार द्रावण टोचलं, रेष चांगली टेकाडासारखी उठली. मग अज्ञात कुपी. रेष सपाट. बाईंनी पुन्हा टोचली. सपाट. सुई तपासली, मदतनिसाकडून नवी कुपी मागून आणली. तीही सपाट, पाण्यासारखी.

शेजारच्या मशीनवरची जोडी आपले आकडे लिहून उठलीसुद्धा. एकोणपन्नास पॉइंट आठ. पलीकडची, पन्नास पॉइंट दोन. बाईंना क्षणभर वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. मग त्यांचं लक्ष शेजारच्या मशीनच्या खाचांकडे गेलं, आणि त्यांना हसावं की रडावं कळेना. अज्ञात कुपीच्या जागी त्या जोडीने तयार द्रावणाचीच कुपी दुसऱ्यांदा ठेवली होती आणि वर चिठ्ठी चिकटवली होती, 'अज्ञात'. त्यांचीही रेष सपाटच आली असणार. प्रत्येकाला वाटलं असणार, आपल्याच हातून घोळ झालाय. आणि आपला घोळ चारचौघांत उघडा पडण्यापेक्षा जे पन्नास आहे हे माहीत आहे तेच पुन्हा मोजलेलं बरं, असं प्रत्येकाने आपापल्या हुशारीने ठरवलं असणार. आता सगळ्यांची उत्तरं जुळत होती आणि टायवाल्यांची छाती फुगत होती.

बाई उठल्या आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी गेल्या. तिथे कॅफिनचा डबा होता. झाकणाभोवतीची प्लास्टिकची पट्टी जशीच्या तशी. सील फोडलेलंच नव्हतं. त्या मदतनिसाने पूड घातलीच नव्हती. खोलीतली बाकीची माणसं नळाच्या पाण्याच्या नावावर पन्नास लिहीत होती.

त्यांनी टायवाल्यांना बाजूला बोलावलं. "या कुप्यांत काही नाहीये. हे बघा, डब्याचं सील तसंच आहे."

टायवाल्यांनी डबा हातात घेतला. बघितला. मग खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, अंगठ्याच्या नखाने पट्टी कट् करून तोडली आणि कोटाच्या खिशात टाकली.

"कुठलं सील, मॅडम?" ते हसत म्हणाले.

बाई बघतच राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी लबाड्या पुष्कळ बघितल्या होत्या, पण नाकासमोर, दिवसाढवळ्या, इतक्या सराईतपणे केलेली बघितली नव्हती. तीन दिवसांत या माणसाने स्वतःच्या हाताने केलेलं काम तेवढं एकच.

"सगळ्यांचं पन्नास येतंय," टायवाले समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुमच्या एकटीचं येत नसेल तर विचार करा, चूक कुणाची असेल. अर्धा तास आहे अजून. लिहून टाका आणि मोकळ्या व्हा."

दहा मिनिटांत साहेबांचा फोन. मेहुणेबुवांनी तत्परतेने कळवलं होतं, मोजमाप सोडून बाकी सगळ्यात ते तत्पर होते.

"बाई, काय चालवलंय? पन्नास लिहायला तुमचं काय जातंय? ती काय खरी गोळी आहे का?"

"म्हणजे कुपीत काही नसलं तरी?"

"ते बघायला तुम्हाला पाठवलंय का? प्रमाणपत्र घेऊन या." फोन बंद.

आणि घोडं इथेच पेंड खात होतं, कारण साहेब चूक बोलत नव्हते. ती खरी गोळी नव्हतीच. त्या पन्नासने कुणी मरणार नव्हतं. उलट एकदा पन्नास लिहिलं की सही शाबूत, आणि पुढची दहा वर्षं वाईट माल अडवायला बाई जागेवर. नाही लिहिलं की मेहुणा. हिशेब इतका सरळ होता, की बाईंनी पेन उघडलं आणि पाचाचा आकडा गिरवायला घेतलासुद्धा.

पण हात पुढे जाईना. ज्या हाताने तेवीस वर्षं आलं तेच लिहिलं, त्याला दुसरं वळणच नव्हतं. बाईंना स्वतःचाच राग आला. एवढी साधी लबाडी आपल्याला जमू नये, खोलीतल्या अकरा भुक्कडांना जमते ती? त्यांनी अर्धवट पाच रेघ मारून खोडला, शेजारी छोटी सही केली, कारण खाडाखोडीवर सही करायची असते. मग लिहिलं, 'आढळले नाही'. खाली तारीख, वेळ आणि पूर्ण सही.

समारोपाला प्रमाणपत्रं वाटली. बारांपैकी अकरा जणांनी, मेहुणेबुवांसकट, टायवाल्यांशी हस्तांदोलन करून फोटो काढले. बाईंचं छापलेलं प्रमाणपत्र खोक्यातच राहिलं. त्यांना सांत्वनादाखल एक मग जास्तीचा मिळाला.

पुढच्या महिन्यापासून रिपोर्टवर मेहुणेबुवांची सही सुरू झाली. मशीनवर मात्र बाईच, कारण ते काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्याच हृदयाच्या गोळीची बॅच आली. शंभर टक्के औषध हवं तिथे एक्याण्णव. बाईंनी कागद पुढे सरकवला.

मेहुणेबुवांनी तो न्याहाळला आणि अगदी निरागसपणे विचारलं, "ताई, किती यायला हवं होतं?"

"जेवढं आलं तेवढं."

"तसं नव्हे हो. किती आलेलं चालतं?"

बाई मशीनकडे वळल्या. उत्तर दिलं असतं तरी काय होणार होतं? दुपारी रिपोर्ट गेला. त्यावर नव्व्याण्णव पॉइंट सहा लिहिलं होतं आणि खाली झोकदार सही. बाईंनी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, वरच्या कचेरीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की तक्रार सक्षम व्यक्तीने करावी, प्रमाणपत्राची प्रत जोडावी.

दोन महिन्यांनी घरातलं जुनं पाकीट संपलं. बाईंनी दुकानात आलेलं सगळं उलथंपालथं केलं. मिळालेलं पाकीट एक्याण्णववाल्या बॅचचं नव्हतं, एवढं बघून घेतलं. पण तिच्या लगेच नंतरच्या बॅचचं होतं. तिचा आकडा त्यांनी मोजला तेव्हा ठीक होता की नव्हता, हे बघायला रजिस्टर उघडावं लागलं असतं, आणि रजिस्टर आता मेहुणेबुवांच्या कुलपात होतं. दुसऱ्या कंपनीची गोळी डॉक्टरांनी चालणार नाही म्हणून सांगितलं होतं. आणि गोळी एक दिवसही चुकवायची नव्हती.

सकाळी सासूबाईंनी हात पुढे केला. बाईंनी तळहातावर ठेवलेली गोळी त्यांनी बोटाने इकडून तिकडे फिरवली.

"तुझी सही आहे ना गं हिच्यावर?"

बाईंनी पाकिटावरचा नंबर पुन्हा एकदा वाचला. म्हातारी गोळी परत पाकिटाकडे नेऊ लागली.

"आहे," बाई म्हणाल्या.

"मग बोलायला एवढा वेळ का लावतेस?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाण्याचा मोठा घोट घेतला आणि रिकामा मग सुनेच्या हातात दिला. त्यावर मशीनवाल्या कंपनीचं नाव होतं. बाईंनी तो घासला आणि मांडणीवर उपडा ठेवला.